न आलेलं मशिन

माझा धाकटा भाऊ बाजारात न आलेल्या वस्तूंबद्दल बोलायचा. आलेल्या वस्तूंत त्याला रस नव्हता. एखादा लॅपटॉप दुकानाच्या काचेत लागला की त्याच्या लेखी तो शिळा झाला. पुढल्या साली काय येणार, प्रोसेसर किती गार राहणार, बॅटरी किती टिकणार, कंपनी कुठलं भोक बुजवणार आणि कुठलं नवीन पाडणार, यावर तो भाकरी हातात धरून बोलत राहायचा. भाकरी वातड व्हायची. आई म्हणायची, "आरं, जे अजून आलंच न्हाई त्येच्यावर एवढं बोलतुयास, ताटात आलंय त्ये खा की."

आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडे पाऊस कमी आणि गलाईवाले जास्त. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. मिसरूड फुटायच्या आधी पोरं बाहेर पडतात ती थेट दक्षिणेत नाहीतर बंगालात जाऊन थांबतात. आण्णा, म्हणजे आमचे वडील, तमिळ मुलखात गेले. तिथल्या एका गावात गल्लीच्या तोंडाशी लहानसं दुकान, मागे भट्टी, वर झोपायला माळा. तेजाबानं त्यांच्या बोटांची टोकं कायमची पिवळी पडलेली होती. घरी यायचे ते दिवाळीला आणि जत्रेला. आम्ही भावंडं त्यांना पाहुण्यासारखंच ओळखत होतो. पाहुणा चांगला होता, येताना खाऊ आणायचा, पण चार दिवसांनी त्याच्याशी काय बोलायचं हे कळायचं नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. सांगलीला वसतिगृहात राहून इंजिनिअर झाले, आता साताऱ्याला एमआयडीसीत यंत्रांच्या भागांची डिझाईनं काढते. गावात पहिल्यांदा लॅपटॉप आला तो माझा. धाकट्यानं तो उलटा करून मागचे स्क्रू आधी बघितले, पडदा नंतर. माझ्या मागोमाग तोही सांगलीला शिकला, कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि तिथंच एका छोट्या कंपनीत लागला. शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी, सोमवारी पहाटे परत.

मीही जमेल त्या शनिवारी साताऱ्याहून यायचे. मग आमचा वाद चालायचा. मला कामासाठी दणकट मशिन लागतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजे, मोठा पडदा पाहिजे, आकड्यांची वेगळी पट्टी पाहिजे. तो हसायचा.

"आक्का, तू लॅपटॉप न्हाई, भट्टी मागतियास. मांडीवर घेतलास तर कातडं जाईल."

"मांडीवर कोण घेतंय? टेबलावर ठेवते मी."

"मग त्येला लॅपटॉप का म्हणायचं? टेबलटॉप म्हण."

"आनि तुझा तो पापड? फुंकर मारली तर उडेल."

त्याच्या लॅपटॉपला मी पापड म्हणायचे. सांगलीतल्या एका दुकानातून वापरलेला घेतलेला, दिसायला देखणा, पातळ. पण त्या पातळपणावरच त्याचा राग होता. मशिन पातळ करायच्या नादात कंपन्यांनी आतलं सगळं बोर्डावर सोल्डर करून पक्कं बसवून टाकलं, मेमरी पण आणि डिस्क पण. एक गेलं की सगळं गेलं. "माज्याच मशिनला बघ," तो म्हणायचा, "आत काय बी काढता येत न्हाई, घालता येत न्हाई. जोडा घेतला आनि पाय त्यातच शिवला, असलं काम."

त्याचं एक भाकीत होतं आणि ते तो कधी सोडायचा नाही. पुढच्या पिढीत स्क्रू परत येणार. धंद्याच्या लॅपटॉपात तर नक्की येणार, कारण मोठ्या कंपन्या शेकड्यानं मशिनं घेतात, त्यांना फेकून देणं परवडत नाही. मेमरीची नवीन जातीची चपटी पट्टी निघणार, ती बसवायची आणि काढायची. डिस्क एका स्क्रूवर येणार. त्यानं कुठं कुठं वाचलेलं असायचं, पण बोलायचा असं की कारखान्यातनं आताच जाऊन आलाय.

"कंपनी काय तुझ्या बापाची हाय?" मी म्हणायचे.

"बापाची असती तर बोर्डावर सोनं जरा जास्त लावलं असतं की."

हा सोन्याचा विषय त्याचा आणि आण्णांचा. एका जत्रेला आण्णा आले होते तेव्हा धाकटा कुठलंतरी भंगारातलं बोर्ड घेऊन ओट्यावर बसला होता. आण्णा जवळ आले, उकिडवे बसले, बोर्ड हातात घेतलं आणि खिशातनं भिंग काढलं. ते भिंग त्यांच्याजवळ कायम असायचं.

"ह्या पिवळ्या पट्ट्या बघ. सोनं हाय."

"ठाऊक हाय, आण्णा. मुलामा."

"आनि ह्या काळ्या टिकल्या? ह्यांच्या आत पण तार असती. केसापेक्षा बारीक. सोन्याची."

"ते पण ठाऊक हाय. पण तुमाला कसं काय ठाऊक?"

"आमच्याकडं येत्यात की पोती भरभरून. एका बोर्डात मोहरीएवढं निघंल न निघंल. पोतं गाळलं तर मजुरी सुटती."

धाकटा म्हणाला, "पुढच्या पिढीत आनि कमी करणार हायत. सोन्याच्या जागी तांबं घालणार."

आण्णांनी जरा विचार केला. "मग त्यो पुढला कशाला घ्यायचा रं?"

धाकटा इतका हसला की आई चुलीपासून बाहेर बघायला आली. मी या दोघांना एकमेकांशी एवढं बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढं दर दिवाळीला, दर जत्रेला त्यांचं हेच बोलणं असायचं. शेत, लग्न, पाहुणेरावळे, सगळं एका वाक्यात संपायचं. बोर्डातल्या सोन्यावर मात्र दोघं बसायचे. आण्णा कुठलंसं बोर्ड दक्षिणेतून पिशवीत घालून आणायचे, दुसऱ्यांचे बाप पेढे आणतात तसं.

रविवारी सकाळी धाकटा आतल्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. तिथं तो स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून, येऊ घातलेल्या मशिनांवर. आमच्या भागातली पोरं इंजिनिअरिंगला जातात तेव्हा दुकानदार त्यांच्या गळ्यात काहीही मारतो. त्यांना आधी सांगायचं की थांबा, की घ्या, पुढं काय येतंय, काय बघायचं. चॅनेल काढायचा होता. आईला बजावलेलं असायचं, मिक्सर लावायचा नाही, धुणं आपटायचं नाही. आई ओट्यावर दाराशी बसून लसूण सोलायची, कारण त्याला आवाज होत नाही. आतून सुरू व्हायचं:

"राम राम मंडळी. आज आपुन न आलेल्या मशिनबद्दल बोलणार हाय."

मी एकदा म्हटलं, "आरे, 'आपण' म्हण. 'बोलणार आहोत' म्हण. डिग्री घेतलीस ना?"

"तू घेतलीस की शुद्ध बोलायची डिग्री. एका घरात एक बास झाली."

चॅनेल काही निघालं नाही. पापड तापला की पंखा घरघरायचा आणि त्याचा आवाज बोलण्यात यायचा. एक भाग झाला की तो ऐकायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "पुढच्या मशिनवर नीट करतो." रेकॉर्ड केलेलं पुसायचा मात्र नाही. माझ्याकडं पाठव म्हटलं तर म्हणायचा, "कच्चं कणीस खायला मागतियास. पिकू दे." सगळं त्या लॅपटॉपात साठत गेलं. पुढचं मशिन घ्यायचं तर आणखी पुढचं येणार असायचं. मी त्याला आळशी म्हणायचे. आळशी नव्हता तो. त्याला नीट करायचं होतं.

तो गेला तेव्हा उसाचा हंगाम होता. शनिवारी सांगलीहून येताना, तासगाव मागं टाकल्यावर, दिवेलागणीला. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली चाक बसून उभी होती, मागं ना दिवा, ना लाल पट्टी. यापेक्षा जास्त मला त्यावर लिहायचं नाही. ज्यांनी त्या दिवसांत त्या रस्त्यानं गाडी चालवली आहे त्यांना ते कसं होतं ते माहीत आहे.

पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप होता. पडदा फुटलेला, एक कोपरा दबलेला. मोबाईलचा तर चुरा झाला होता.

आईला वाचता येत नाही. म्हणून धाकटा दर सोमवारी सांगलीत पोचला की तिला मोबाईलवर आवाज पाठवायचा. एकच शब्द: "पोचलो." आईच्या फोनमध्ये ते सगळे 'पोचलो' एकाखाली एक आहेत. कधी दमलेला, कधी तोंडात घास असलेला, एकदा मागून कुणीतरी हॉर्न मारलेला. तेरावा झाला तरी ती ते एकामागून एक लावून ऐकत होती. शेवटी मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, लॅपटॉपात त्याचं पुष्कळ बोलणं आहे. रविवारी बोलायचा ते."

तिनं फोन खाली ठेवला. "त्ये सगळं हाय? आजून?"

"बघायला पाहिजे."

मी लॅपटॉप सांगलीला नेला, ज्या दुकानातून त्यानं तो घेतला होता तिथंच. दुकानदार त्याला चांगलाच ओळखत होता. त्यानं मागचं झाकण उघडलं, दिवा धरला, बराच वेळ बघितलं.

"ताई, जुनं मॉडेल असतं तर एक स्क्रू काढून डिस्क तुमच्या हातात दिली असती. ह्यात डिस्क बोर्डावरच हाय. ही बघा, ही मोठी काळी चिप. बोर्ड कोपऱ्यात तडकलंय. पण चिपला काय झालेलं दिसत न्हाई."

"मग निघेल?"

"माझ्याच्यानं न्हाई. पुण्यात एक जण हाय, त्यो असल्या चिपा काढून वाचतो. खात्री कुणीच देणार न्हाई. निघालं तर सगळं निघंल." झाकण परत बसवताना तो म्हणाला, "तुमचा भाऊ इथंच उभा ऱ्हाऊन मला शिव्या घालायचा ह्या सोल्डरवरनं. जसं काय मीच केलंय."

मी घरी आले. आण्णा तेव्हापासून घरीच होते. दुकान चुलतभावाच्या हवाली करून आले ते परत जायचं नाव काढेनात. ओट्यावर बसायचे. कुणी भेटायला आलं तर उठून उभे राहायचे आणि गेलं की परत बसायचे. माणूस आयुष्यभर भट्टीपुढं हाताला काम असलेला. आता हात गुडघ्यांवर ठेवून, पिवळ्या बोटांकडं बघत. मुलाबद्दल बोलायचे नाहीत. फक्त एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "त्यो दार लावून आत काय बोलत बसायचा गं?" मी म्हटलं, "मशिनांबद्दल." त्यांनी मान हलवली.

मी आईला म्हटलं, आण्णांना सांगूया, पुण्याला जाणार आहे म्हणून. आई म्हणाली, "नको. निघालं न्हाई तर त्येंला पोरगं दुसऱ्यांदा गेल्यागत हुईल. निघालं की समोर लावू. एकदम आवाजच ऐकू दे त्येंला." लॅपटॉप तिनं धाकट्याच्या कपड्यांच्या कपाटात, त्याच्या स्वेटरखाली ठेवला.

ऑफिसात काम तुंबलं होतं, पुण्याच्या माणसानं पुढच्या आठवड्यातली वेळ दिली होती. त्याच सुमारास मेढ्याची मावशी येऊन आईला चार दिवस स्वतःकडं घेऊन गेली. तिकडं डोंगरात गारवा असतो, बहिणीजवळ रडेल, दोन घास जातील, असं सगळ्यांचं मत पडलं. ठरलं असं की शनिवारी आई मेढ्याहून साताऱ्याला येईल, तिथून आम्ही दोघी एसटीनं घरी जायचं, लॅपटॉप घ्यायचा आणि सोमवारी मी पुण्याला. एसटीत आई खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, "पैल्यांदा राम राम मंडळी म्हंतो न्हवं?" मी म्हटलं, हो. ती परत बाहेर बघायला लागली. तिच्या तोंडावर त्या महिन्यांत पहिल्यांदा जरा रक्त दिसलं मला.

घरी पोचलो तर आण्णा ओट्यावर नव्हते. ते देव्हाऱ्यापुढं होते. अंघोळ केलेली, धुवट शर्ट घातलेला. आम्ही पाय धुऊन आत येईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "इकडं या दोघी."

आमच्याकडं तरणा माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचा टाक करतात. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर उमटवलेली मूर्ती. तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या, भवानीच्या शेजारी बसवायचा, म्हणजे गेलेला घरात राहतो. आजोबांच्या धाकट्या भावाचा आमच्या देव्हाऱ्यात आहे. आण्णांच्या तळहातावर नवीन टाक होता. मूर्तीच्या कपाळावर टिळ्याच्या जागी एक पिवळा ठिपका चमकत होता. मोहरीपेक्षाही लहान.

"चांदी त्येच्या करदोट्याची," आण्णा म्हणाले. "पाळण्यातल्या. आनि टिळा त्येच्या मशिनचा."

आईनं माझा दंड धरला.

आण्णा सांगत होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. त्यांनी त्याचं कपाट आवरायला काढलं, त्यात लॅपटॉप सापडला. पडदा फुटलेला, बटण दाबलं तर चालू होईना. पोराची शेवटपर्यंत पाठीवर असलेली वस्तू. ती अशी मोडकी ठेवायची? भंगारवाल्याला द्यायची? मग त्यांना सुचलं. मागच्या पडवीत त्यांची उमेदवारीतली मूस आणि फुंकणी अजून होती. विट्याहून तेजाब आणलं.

"एका बोर्डात काय निघत न्हाई, ठाऊक व्हतं मला. पोतं लागतं. पण म्हटलं, हातानं एकेक पट्टी खरवडू. आपल्याला मजुरी कुठं सोडवायची हाय? त्या काळ्या टिकल्या पण भाजल्या, फोडल्या. सगळ्यात मोठी व्हती ती आदी फोडली, तिच्यात जास्त असंल म्हणून. कण कण जमवला. मुशीत वितळवला. कस बघा, एक नंबर." त्यांनी टाक आईसमोर धरला. "त्येच्या मशिनमधलं जेवढं मोलाचं व्हतं तेवढं काढलं. काय बी वाया घालवलं न्हाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर एक समाधान होतं. काम मनासारखं झालेल्या माणसाचं.

मला बोलायचं होतं. मी फटकळ आहे, सगळे सांगतात. मी तोंड उघडलं. आईनं माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं दिसत होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं घेतला, दोन्ही हातांनी टाक घेतला, कपाळाला लावला.

"लय चांगलं केलंत," ती म्हणाली. "आवं, लय चांगलं केलंत."

मग तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि आण्णांना म्हणाली, "दमला असाल. च्या टाकते."

मी पडवीत गेले. फरशीवर काळा डाग पडला होता. कोपऱ्यात घमेल्यात राख, वाकलेले पत्रे, हिरव्या बोर्डाचे जळके तुकडे. मी खाली बसून ते तुकडे हातानं चाळले. यंत्राचे भाग बघणं हे माझं काम आहे, कुठला तुकडा कशाचा हे मला कळतं. मोठ्या काळ्या चिपचा एक कोपरा सापडला, करवंटीच्या कपचीसारखा, आत राखाडी. त्याचा काही उपयोग नाही हे मला माहीत होतं. तरी मी तो पर्समध्ये घातला.

चुलीपाशी आईनं विचारलं, "आता पुण्याला जाऊन काय न्हाईच का?"

"न्हाई."

ती चहात साखर घालत होती. घातली, ढवळली, परत घातली. "त्येंला कवाच कळू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "तू शिकलेली हायस, तुज्या तोंडाला कुलूप नसतं. पण हे घाल."

मी घातलं. आण्णांना लिहिता-वाचता येत नाही, हे पान त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

त्यानंतर आण्णा सुधारत गेले, हे सांगायला हवं. जेवायला लागले. कुणी आलं की देव्हाऱ्यापुढं नेऊन टाक दाखवायचे. गावातल्या दुसऱ्या गलाईवाल्यांना तर भिंग हातात देऊन. "एका बोर्डाचं हाय," म्हणायचे, आणि ते म्हातारे खरंच माना डोलवायचे, कारण एका बोर्डातून एवढं काढणं म्हणजे काय ते त्यांनाच कळत होतं. आई रोज सकाळी टाकावर पाणी घालते, पुसते, कुंकू लावते. कुंकू लावताना तो पिवळा ठिपका झाकत नाही, बाजूनं लावते. तिच्या फोनमधले 'पोचलो' ती अजून ऐकते, पण आता एखादाच.

गेल्या महिन्यात ऑफिसात सगळ्यांना नवे लॅपटॉप आले. डिझाईनच्या कामाचे, जड, चांगले. येणार येणार म्हणून कँटीनमध्ये आधी पुष्कळ चर्चा झाली. पोरं अंदाज बांधत होती, पैजा लावत होती. मी त्यात पडले नाही. मशिन टेबलावर आल्यावर मात्र मी आधी ते उलटं केलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागचं झाकण उघडलं. डिस्क एका स्क्रूवर बसवलेली होती. तिच्या बाजूला मेमरीची चपटी पट्टी, स्क्रूंनी आवळलेली, काढता येण्यासारखी. त्यानं भाकरी हातात धरून वर्णन केलं होतं तशीच. मी ते झाकण लावलं. परत उघडलं. परत लावलं.

शनिवारी तो लॅपटॉप घेऊन घरी गेले. आण्णांना ओट्यावर उघडून दाखवला. ते उकिडवे बसले, भिंग काढलं, पट्ट्या बघितल्या.

"सोनं आनि पातळ केलंय," ते म्हणाले. "पोरगं म्हणत व्हतं तसंच."

"त्याचं अजून एक खरं झालं, आण्णा. तो म्हणायचा, स्क्रू परत येणार. हे बघा. ही डिस्क. मशिन मोडलं तरी ही काढून घेता येते."

"ही काढून काय करायचं?"

आई दाराशी लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

"काही नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या मशिनला लावायची."

आण्णांनी मान हलवली. स्क्रूवरून पिवळं बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्यो आत असंच सगळं बोलायचा का गं? कसं बोलायचा? मी कवा घरीच नसायचो. मला त्येचं ते बोलणं कवा ऐकायला गावलं न्हाई."

मी आईकडं बघितलं. ती खाली बघत होती.

"राम राम मंडळी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. "आज आपण न आलेल्या मशिनबद्दल..."

"आपुन," आई म्हणाली. लसणाची पाकळी तशीच हातात होती. "आपुन म्हणायचा त्यो. आनि राम राम म्हणून झाल्यावर जरा थांबायचा. खाकरायचा. मग मंडळी."

मी तसं केलं. थांबले, खाकरले. आण्णांनी भिंग खिशात ठेवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडं बघत बसले.

"आज आपुन न आलेल्या मशिनबद्दल बोलणार हाय," मी म्हटलं.

"आसंच," आई म्हणाली.

"पुढं?" आण्णांनी विचारलं.

पुढचं मला नीट आठवत नव्हतं. दारातून तुकडे तुकडे ऐकू यायचे आणि मी तेव्हा लक्ष देऊन ऐकत नव्हते, कारण तो पुढच्या रविवारी पण बोलणार होता. मी आईकडं बघितलं. तिनं सुपातला लसूण बाजूला सारला, पदरानं हात पुसले आणि सरकून आमच्याजवळ येऊन बसली. मग तिला जेवढं कळलं होतं तेवढं, मेमरीला मेंबरी म्हणत, बॅटरीला बाटरी म्हणत, ती सांगायला लागली.